साथीची रंगीत तालीम

रोग खोटा असला तरी त्याला नाव खरं लागतं, ही गोष्ट आक-कायिंग गावचे फॅमिली डॉक्टर एसेनकुल यांना तालुक्याच्या कचेरीत कळली.

"साथीचा सराव करायचा म्हणताय," टेबलामागचा गृहस्थ म्हणाला, "पण साथ कसली?"

"अनोळखी रोगाची. तोच तर मुद्दा आहे. पुढची साथ कसली असेल हे आज कुणाला ठाऊक?"

"अनोळखी रोगाला परवानगी देता येत नाही, डॉक्टर. ओळखीचा आणा."

"मग गोवर लिहा."

"गोवर लिहिला तर मला वर कळवावं लागेल. उद्या वरून माणसं लस घेऊन येतील. त्यांना काय सांगू, गंमत चाललीय?"

"बरं, साधा ताप लिहा."

"साध्या तापाचा सराव कशाला? तो लोकांना येतोच की."

शेवटी दोघांनी मिळून 'सरावताप' नावाचा रोग जन्माला घातला. शिक्का उमटवता उमटवता गृहस्थाने विचारलं, "हा पसरणारा आहे की न पसरणारा?"

"पसरावा अशी आशा आहे," एसेनकुल म्हणाले. हे वाक्य पुढे त्यांना फार महागात पडलं.

राजधानीला, बिश्केकला जाऊन ते नुकतंच एक शिबिर करून आले होते. आधीच्या साथींनी काय शिकवलं आणि पुढच्या साथीसाठी गावोगावच्या डॉक्टरांनी काय तयारी ठेवावी, असा विषय होता. बाकीचे डॉक्टर चहाची सुट्टी कधी होते याकडे डोळे लावून बसले होते. एसेनकुलना मात्र एकेक शब्द टोचत होता. काही वर्षांपूर्वीच्या साथीत, त्या जुलै महिन्यात त्यांच्या दवाखान्यातल्या एकाच बाकावर तापाने फणफणलेला मेंढपाळ, दिवस भरलेली बाई आणि बोट कापलेला सुतार असे मांडीला मांडी लावून बसले होते. ते स्वतः एकच मास्क धुऊन वाळवून, त्याच्या नाड्या तुटेपर्यंत घरोघर फिरले होते. शेजारच्या खोलीतल्या डॉक्टर केरिमब्यूब्यू त्या जुलैत त्याच रोगाने गेल्या. त्या असत्या तर हा सराव त्यांनीच घेतला असता, आणि एसेनकुल यांच्या मते नीट घेतला असता.

बेत अगदी साधा होता. एक खोटा रोगी फाटकाशी येणार. नर्स तुर्सुनाय लांबूनच चौकशी करणार, मास्क देणार आणि मागच्या दाराने मागच्या खोलीत नेणार. रोग कुणाकुणाला लागला हे डोळ्यांना दिसावं, म्हणून बिश्केकला हाताला एक पूड लावून निळ्या दिव्याखाली धरायचे. एसेनकुल यांच्याकडे ती पूड नव्हती, दिवा नव्हता आणि बऱ्याचदा वीजही नसायची. त्यांच्याकडे झेल्योन्का होती. खरचटलं, कांजिण्या आल्या, गाढवाने लाथ मारली, कशावरही लावायचं ते हिरवंगार औषध. ते पटकन वाळतं, म्हणून डॉक्टरांनी स्वतःच्या बुद्धीने ते व्हॅसलिनमध्ये घोटलं. छान चिकट मलम तयार झालं.

"डॉक्टर, हे निघत नाही हो," तुर्सुनाय डबीत डोकावून म्हणाली.

"रोगही निघत नाही, तुर्सुनाय."

"पण रोगाने चादरी खराब होत नाहीत."

डॉक्टर रोग आणणार आहेत ही बातमी तोवर गावभर झाली होती. सल्ले सुरू झाले. एकाने मेंढीच्या शेपटीची चरबी पाठवली, रोगाआधी छातीला चोळायला. दुसऱ्याने इसिरिक नावाच्या झुडपाची धुरी सुचवली आणि मिरपूड घातलेल्या व्होडकाचं प्रमाणही सांगितलं. ते इतकं बिनचूक सांगितलं, की त्यामागे मोठा अनुभव असावा. एक शेतकरी तर दारात टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, बटाटे काढून होईपर्यंत तेवढा थांबवता येईल का तुमचा रोग?"

रोगी व्हायला मात्र कुणी तयार होईना. खोटं आजारी पडलं की खरं आजारपण माग काढत येतं, असं सगळ्यांचं म्हणणं. तेव्हा डॉक्टरांची आई, उरकुया अपा, चहाचा वाडगा खाली ठेवून म्हणाली, "मी होते."

अपा तरुणपणी कोलखोजच्या, म्हणजे सामुदायिक शेतीच्या, क्लबात नाटकांत काम करायची. पण दिग्दर्शक तिला दर नाटकात पहिल्याच अंकात मारून टाकायचा, आणि उरलेल्या अंकांचं शल्य तिच्या मनात इतकी वर्षं सलत होतं. मुलाने तिला उजव्या तळव्याला मलम लावायला सांगितलं आणि डबी हातात देऊन बजावलं, "थोड्या थोड्या वेळाने पुन्हा लावायचं हं, अपा. वाळू द्यायचं नाही."

"मला शिकवू नकोस. भूमिका कशी जगायची ते मला कळतं."

उरली एकच अडचण. सराव तपासायला प्रांताच्या गावाहून क्लारा मॅडम येणार होत्या, आणि त्यांनी दिलेल्या दिवशीच दवाखान्याच्या कुंपणापलीकडे शेर्मातच्या लेकीची, जिबेकची, पाठवणी होती. शेर्मात आणि डॉक्टर शाळेत एका बाकावर बसलेले. तो कुंपणाशी येऊन म्हणाला, "एसेन, तुझा रोग तुझ्या अंगणात ठेव. माझ्याकडे व्याही येतायत."

"अरे, एक जंतूसुद्धा कुंपण ओलांडणार नाही. माझा शब्द आहे."

सराव सुरू झाला तो दृष्ट लागेल असा. अपा कमरेत वाकून फाटकाशी आली आणि अशी काही खोकली, की पलीकडच्या गल्लीतली कुत्री गप्प झाली. तुर्सुनायने लांबून विचारपूस केली, काठीच्या टोकाला अडकवून मास्क दिला आणि अपाला कुणाचाही स्पर्श न होता मागच्या खोलीत पोचवलं. डॉक्टरांचा ऊर भरून आला. फक्त ते बघायला क्लारा मॅडम नव्हत्या. उन्हाळी कुरणांवरून उतरणाऱ्या मेंढ्यांच्या कळपामागे त्यांची गाडी अडकली होती. डॉक्टर रस्त्यावर जाऊन वाट बघत उभे राहिले.

इकडे अपा खाटेवर पडून होती. मरणाचं तिला काही वाटत नव्हतं, पण प्रेक्षकांशिवाय मरायचं तिच्या जिवावर आलं. त्यातच खिडकीतून तापलेल्या तेलाचा वास यायला लागला. शेर्मातच्या अंगणात बोरसोक तळायची तयारी चालली होती, आणि कुंपणावरून कुणीतरी हाक मारली, "उरकुया अपा, पीठ पार सैल झालंय हो! तुमचा हात लागल्याशिवाय बोरसोक फुगायचे नाहीत!"

असं बोलावणं आलेली बाई खाटेवर पडून राहील, असा रोग अजून निघायचा आहे.

डॉक्टर परत येऊन बघतात तो खाट रिकामी, खिडकी सताड उघडी आणि चौकटीवर पाच हिरवी बोटं.

"रोगी पळाला," तुर्सुनाय म्हणाली. "मागच्या साथीतही पळायचे, आठवतं? पण निदान दारातून पळायचे."

डॉक्टरांनी त्या चौकटीला धरून बाहेर डोकावून पाहिलं, आणि मग शेर्मातच्या घराकडे धाव घेतली. धावताना माणूस आपले तळवे बघत नाही.

शेर्मातच्या फाटकाशी म्हाताऱ्याकोताऱ्यांची रांग उभी होती. लग्नघरी आलेल्याने त्यातल्या प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत घेऊन त्याची, घरच्यांची आणि गुराढोरांची खुशाली विचारायची असते. एकाला चुकवलं तर नातवंडांपर्यंत वैर. डॉक्टरांनी सगळ्यांचे हात हातात घेतले. व्याह्यांचे घेतले, व्याह्यांच्या गाडीवानाचे घेतले. आतून त्यांचा जीव टांगणीला लागला होता आणि वरून ते मेंढ्या कशा आहेत ते विचारत होते.

अपा बायकांच्या घोळक्यात परातीपुढे बसली होती, कोपरापर्यंत पिठात. डॉक्टर वाकून पुटपुटले, "अपा! ऊठ आधी!"

"हळू बोल," अपा पुटपुटली. "मी रोगी आहे. खरा रोगी काय करतो? लपवतो. मी हात बाहीत लपवला होता."

"आणि पीठ?"

"पीठ डाव्या हाताने मळलं. बहुतेक."

"डबी कुठाय?"

अपाने अभिमानाने खिशातून डबी काढून दाखवली. डबी रिकामी होती. आज्ञाधारक बाई, थोड्या थोड्या वेळाने लावत राहिली होती.

डॉक्टरांनी तिचा हात धरून तिला उठवलं. तेवढ्यात वराची आई पुढे आली. मोठी भारदस्त बाई. "डॉक्टर ना तुम्ही? आणि जेवल्याशिवाय निघालात? आमच्या तोंडावर?" झालं. त्यांना धरून नमद्याच्या मोठ्या गोल तंबूत नेलं आणि मधोमध बसवलं. आता सगळ्यांसमोर उठून 'लोकहो, माझ्या आईने तुम्हाला रंगवलंय' असं सांगायचं तरी कसं? डॉक्टरांनी वैद्यकीय उपाय केला. हात धुवायचं भांडं आलं तेव्हा ते ओरडले, "सगळ्यांनी नीट हात धुवा! चोळून धुवा!" पण व्हॅसलिन पाण्याला दाद देत नाही, आणि हात पुसायला रूढीप्रमाणे एकच लांब पंचा रांगेतून फिरत गेला. या टोकाला जे थोडं होतं ते त्या टोकाला पुरेपूर पोचलं.

याच वेळी क्लारा मॅडमची गाडी आली. दवाखान्यात कुणी नाही म्हणून त्या शेजारी विचारायला आल्या, आणि शेर्मातने 'पाहुणी!' म्हणून त्यांचे दोन्ही हात धरून त्यांना थेट मानाच्या जागेवर नेऊन बसवलं. "सराव कुठाय?" त्यांनी डॉक्टरांना कानात विचारलं.

"चाललाय," डॉक्टर क्षीण आवाजात म्हणाले.

तंबूत उजेड कमी होता. हाताला जरासं काही चिकटलंय याची कुणाला जाणीव झाली असेल तर त्याने ती चरबी समजून सोडून दिली. जेवणं झाली. सगळ्यांत वयोवृद्ध आजोबांनी आशीर्वाद द्यायला तळवे वर केले. त्यांच्यामागे अख्ख्या तंबूने तळवे वर केले. डॉक्टरांना पुढचं दिसलं. त्यांनी तोंड उघडलं, पण आशीर्वादात मध्ये बोलायचं नसतं. आजोबांनी जिबेकला सुख मागितलं, मुलंबाळं मागितली, हिवाळ्यात गवत मागितलं, आणि म्हणाले, "ओमीन."

"ओमीन!" सगळे म्हणाले, आणि सगळ्यांनी दोन्ही तळवे कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहऱ्यावरून फिरवले.

मग लोक उन्हात बाहेर आले.

पहिल्यांदा बघितलं ते जिबेकने. तिची होणारी सासू समोरून येत होती, कपाळापासून गळ्यापर्यंत कोवळ्या गव्हाच्या शेतासारखी हिरवी. जिबेकने ओठ चावला, पदर तोंडाशी नेला, पाठ फिरवली आणि तरीही ती हसली. सासूने चमकून बघितलं तो सुनेच्या पांढऱ्याशुभ्र पोशाखावर, पाठीवर मधोमध, हिरवा पंजा. अपाने कौतुकाने थोपटलं होतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं. अंगणात एकही माणूस माणसाच्या रंगाचा नव्हता.

"साथ आली!" कुणीतरी किंचाळलं.

एकच पळापळ झाली. बायका मुलांना हुडकायला लागल्या, एकाने घोडा सोडला, आणि आशीर्वाद देणारे आजोबा शांतपणे सतरंजीवर आडवे होऊन म्हणाले, "मला नीट झोपवा रे. वेळ झाली." डॉक्टर एका बाकड्यावर चढले आणि ओरडून ओरडून सगळं सांगितलं. झेल्योन्का, व्हॅसलिन, सरावताप, सगळं. पळापळ थांबली.

"तुझा शब्द होता, एसेन," शेर्मात म्हणाला. हिरव्या रंगाखालीही तो पांढरा पडलेला दिसत होता. "एक जंतू ओलांडणार नाही म्हणालास. माझ्या पोरीचा दिवस होता आज."

व्याही मंडळी गाडीजवळ गोळा होऊन कुजबुजत होती. वराच्या आईने आरसा मागवला आणि बराच वेळ त्यात बघत राहिली. लग्न राहतं की मोडतं, असा तो क्षण होता. तेव्हा जिबेक सरळ तिच्याकडे गेली, रीतीप्रमाणे वाकली आणि म्हणाली, "आई, मला भीती होती, नव्या घरी मी वेगळी दिसेन. आता कुणी ओळखणार नाही, सून कोण आणि सासू कोण."

बाईने आरसा खाली केला. "पोरगी हुशार आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "चला, लवकर घेऊन जाऊ हिला. इथे थांबलो तर आणखी काय काय लागेल सांगता येत नाही."

आणि तिलाही हसू फुटलं. मग अख्खं अंगण हसलं, आजोबाही सतरंजीवर उठून बसले. हसले नाहीत फक्त दोघं, शेर्मात आणि डॉक्टर.

क्लारा मॅडमनी चष्मा काढला. डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं राहिली होती. "आता शोधा," त्या म्हणाल्या. "कुणाकडून कुणाला. सरावाचा अर्धा भाग तोच आहे."

शिबिरात सांगितलं होतं की रोगाचा माग काढताना लोक माहिती दडवतात. आक-कायिंगमध्ये उलट झालं. प्रत्येकाला आपलं तोंड कुणामुळे रंगलं हे गावाला ओरडून सांगायचं होतं. "मला हिने लावलं!" "आणि मला कुणी? पंचा कुणी दिला मला?" "तू तर आधीच हिरवा होतास, घोड्याच्या मानेला बघ!" भांडता भांडता सगळे धागे सुटत गेले. बायका, पीठ, बोरसोक, वधूची पाठ, हे सगळं अपाकडे जात होतं. पण पुरुषांची सगळी रांग, व्याही, गाडीवान, शेर्मात आणि शेर्मातमार्फत खुद्द मॅडम, हे सगळे धागे एकाच माणसाकडे येऊन थांबले.

"तुमच्या आईने नाही, डॉक्टर," क्लारा मॅडम हळूच म्हणाल्या. "जास्त तुम्हीच पसरवलात."

एसेनकुल यांनी आपले तळवे वळवून पाहिले. ते हिरवे होते. आणि एकाएकी त्यांना अंगणाचा गलबला ऐकू येईनासा झाला. त्या जुलैत ते याच हातांनी एका घरातून दुसऱ्या घरात गेले होते. नाडी बघितली, कपाळाला हात लावला, दाराच्या कड्या लावल्या. तेव्हा हिरवं काही नव्हतं, म्हणून दिसलं नव्हतं. केरिमब्यूब्यूंच्या खोलीतही ते रोज जायचे, दार न वाजवता, चहा प्यायला. तिथे रोग आपणच नेला का, हा प्रश्न त्यांनी इतकी वर्षं स्वतःला विचारला नव्हता.

अपाने मुलाचा चेहरा पाहिला. ती तेलाचा वाडगा आणि चिंधी घेऊन त्याच्याशेजारी बाकड्यावर बसली, आणि लहानपणी शाईने भरलेले हात पुसायची तशी एकेक बोट पुसायला लागली.

"अपा, तेव्हा मीच तर नाही ना..."

"ते मला माहीत नाही," अपा म्हणाली. "तुलाही कधी कळणार नाही. पण तू गेला नसतास तर त्या घरांत कोण गेलं असतं, ते सांग. सांग की."

एसेनकुल यांनी पुसलेला हात मांडीवर ठेवला.

"मग पुढच्या वेळी हात धुऊन जा," अपा म्हणाली. "दुसरा हात दे."

क्लारा मॅडमनी निघताना निकाल दिला. रोगी पळाला, डॉक्टरांनी रोग वाटला आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला स्वागतातच लागण झाली. "आजवर पाहिलेले सगळे सराव यशस्वी होते," त्या म्हणाल्या. "काही शिकवून गेला तो हा पहिलाच." पुढल्या महिन्यात मात्र त्यांनी हातमोज्यांची आणि मास्कची खोकी पाठवली, आणि फाटकाला एक घंटा बसवून घेण्याचा हुकूमही. डॉक्टरांनी दवाखान्यातला तो जुना बाक उचलून बाहेर पोप्लरच्या झाडाखाली नेऊन ठेवला.

झेल्योन्का निघायला बरेच दिवस लागले. लोक बाजारात एकमेकांचे कान बघून हसायचे. शेर्मात तेवढा हसला नाही. डॉक्टर दिसले की तो रस्ता ओलांडायचा, आणि डॉक्टरांना ते खरोखर लागायचं. दोनदा ते कुंपणाशी गेले, दोनदा परत फिरले. अपा म्हणाली, "राहू दे. राग पिकलेला बरा, कच्चा तोडू नये."

हिवाळ्यात सर्दी-तापाची लाट आली. भर बर्फात एके सकाळी फाटकाची घंटा वाजली. गळपट्ट्यात नाकापर्यंत गुंडाळलेला शेर्मात बाहेर उभा होता.

"डॉक्टर!" तो ओरडला. शाळेपासूनचं एसेन गेलं होतं. "ताप आहे. खोकला आहे. मी आत येत नाही!"

तुर्सुनाय खिडकीतून बघत म्हणाली, "शिकलाय म्हणून येत नाही, की रुसलाय म्हणून?"

"ते विचारायचं नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मास्क चढवला, हातमोजे घातले आणि बाहेर जाऊन बाकावरचा बर्फ झाडला. एका टोकाला शेर्मात बसला, दुसऱ्या टोकाला ते. शेर्मात सगळा वेळ तोंड फिरवून बसला होता आणि खोकताना कोपरात खोकत होता. डॉक्टरांनी छाती तपासली, गोळ्या दिल्या, घरात कोण कोण आहे ते विचारलं आणि कुणी कुठे झोपायचं ते सांगितलं. शेर्मात नुसता हं हं म्हणत राहिला.

उठताना सवयीने त्याचा हात पुढे आला. दोघांनीही त्या हाताकडे पाहिलं. मग शेर्मातने तो हळूच मागे घेतला, आपल्या छातीवर ठेवला आणि मान झुकवली. डॉक्टरांनीही हात छातीवर ठेवला. त्यांच्या मास्कची वरची कड ओली झाली होती, ती थंडीने असेल.

"याचा अर्थ मी तुझ्याशी बोलतो असा नाही, एसेन," शेर्मात म्हणाला, आणि खोकत खोकत घराकडे निघाला.